नातवंडांची परीक्षा, घराचा दृष्टिकोन

विद्यापीठात शिकणारे मूल परीक्षेकडे कोणत्या नजरेने पाहते, यावर त्याचा अभ्यास, त्याचे गुण आणि बऱ्याच अंशी त्याचे आरोग्यही अवलंबून असते. ही नजर घडवण्यात घरातील ज्येष्ठांचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

वर्षातून दोन वेळा, एकदा दिवाळीच्या मागेपुढे आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, महाविद्यालयात शिकणारे मूल असलेल्या घराची दिनचर्या बदलते. टीव्हीचा आवाज उतरतो, पाहुण्यांना थोपवले जाते, आजोबांच्या औषधांच्या वेळा कोणी दुसरे सांभाळू लागते. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील चेणे गावही याला अपवाद नाही. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी आणि मधून जाणारा घोडबंदर रस्ता, असा हा परिसर. इथली मुले पदवीसाठी एक तर गायमुखचा घाट ओलांडून ठाण्याला जातात, नाही तर वर्सावे नाक्यावरून काशिमीरा, मीरा रोड, भाईंदरकडे. कित्येक घरांत विद्यापीठाची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी असते.

अशा घरातील ज्येष्ठांना दोन चिंता असतात. पहिली, निकाल कसा लागेल? दुसरी, मुलाची प्रकृती टिकेल ना? या दोन्ही चिंतांच्या मुळाशी असलेला तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. परीक्षा म्हणजे काय आहे, असे या मुलाला वाटते?

या प्रश्नाचे महत्त्व ज्येष्ठांना त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून लगेच कळेल. मधुमेह असलेल्या दोन व्यक्तींची कल्पना करा. तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेची चाचणी दोघांनीही केली आणि दोघांचाही आकडा ८.२ आला. एकाला तो आपल्यावरचा ठपका वाटला. त्याने कागद कपाटात दडवला आणि पुढच्या तपासणीला जाणेच टाळले. दुसऱ्याने तोच कागद डॉक्टरांसमोर ठेवून विचारले, आता काय बदलू? रात्रीचे जेवण लवकर झाले, चालणे वाढले, गोळीची मात्रा बदलली. तीन महिन्यांनी दोघांचे आकडे सारखे राहणार नाहीत. सुरुवातीला आजार तोच होता आणि आकडाही तोच होता. आकड्याकडे पाहण्याची वृत्ती तेवढी निराळी होती. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेचेही असेच आहे.

परीक्षा घेण्यासाठी जन्मलेले विद्यापीठ

आपल्या समाजाच्या मनात शिक्षण आणि परीक्षा हे शब्द जवळजवळ एकरूप झाले आहेत. याला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठेही सुरू झाली. या तिन्हींसमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या, अशी ही व्यवस्था. म्हणजे आरंभीच्या काळात विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे मंडळच होते. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. तुकडी बाहेर पडली. तिच्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढील शंभर वर्षांत पदवी म्हणजे नोकरी, प्रतिष्ठा आणि घराण्याचे नाव हे समीकरण घट्ट झाले. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यानंतरची इंटर, वर्तमानपत्रात छापलेले बैठक क्रमांक, ते शोधणारे थरथरते बोट, हे सारे आज सत्तरीत असलेल्यांनी अनुभवले आहे.

त्या काळी परीक्षा वर्षातून एकदाच येई आणि तिच्यावर पुष्कळ काही ठरे. साहजिकच तिच्याकडे न्यायालयाच्या निकालासारखे पाहिले जाई. ‘पास’ आणि ‘नापास’ हे शब्द माणसालाच चिकटत. ती व्यवस्था बदलली, पण घराघरांतील भाषा फारशी बदललेली नाही. नातवंडांशी बोलताना आपण नकळत जुन्या परीक्षेची भाषा नव्या परीक्षेला लावतो आणि तिथेच पहिला गैरसमज होतो.

आजचे मूल्यमापन समजून घेऊ

मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून पदवी अभ्यासक्रमांत श्रेयांक व श्रेणी पद्धत आणली. वर्षाचे दोन भाग म्हणजे दोन सत्रे. प्रत्येक सत्राच्या शेवटी लेखी परीक्षा. त्याशिवाय सत्रभर चालणारे अंतर्गत मूल्यमापन असते. चाचण्या, असाइनमेंट, प्रोजेक्ट, सादरीकरण, विज्ञान शाखेत जर्नल आणि प्रॅक्टिकल यांचा त्यात समावेश होतो. अंतर्गत आणि सत्रान्त गुणांचे प्रमाण गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहे. ते अभ्यासक्रमागणिक वेगळे असते आणि स्वायत्त महाविद्यालयांत आणखी निराळे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता चार वर्षांच्या पदवीचा पर्यायही आला आहे. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे डिजिटल पेढीत साठवले जातात. आजोबांच्या पासबुकात रक्कम जमा व्हावी, तसे.

ज्येष्ठांना गोंधळात टाकणाऱ्या तीन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात. पहिली, गुणपत्रिकेवरचे ‘ओ’ हे अक्षर. ते शून्य नव्हे, सर्वोच्च श्रेणी आहे. दुसरी, सरासरी गुणांक. तो दहापैकी मोजतात, त्यामुळे ‘सातच मिळाले’ असे म्हणून हळहळण्याचे कारण नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, एटीकेटी. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या शब्दांचे ते लघुरूप. काही विषय राहिले तरी ठरावीक मर्यादेत विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू देतात आणि राहिलेला विषय तो पुन्हा देऊ शकतो. ‘केटी लागली’ हे शब्द कानावर पडताच वर्ष वाया गेले असे समजून घरात सुतक पाळण्याची गरज नसते. राहिलेला विषय गांभीर्याने घ्यावा हे खरे. केटींचा ढीग साचला तर पदवी लांबते. पण एक विषय राहणे ही दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट आहे आणि व्यवस्थेनेच ती तशी मानली आहे.

दृष्टिकोन आणि यश यांचे नाते

विद्यार्थी मूल्यमापनाकडे कसे पाहतात, याचा अभ्यास जगात अनेक ठिकाणी झाला आहे. न्यूझीलंडमधील संशोधक गॅव्हिन ब्राउन यांनी त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. आधी ती शालेय विद्यार्थ्यांसाठी वापरली गेली आणि पुढे निरनिराळ्या देशांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीही. तिच्यातून चार प्रकारचे दृष्टिकोन पुढे आले. काही विद्यार्थी म्हणतात, मूल्यमापनामुळे मला सुधारता येते. काहींना ते बाहेरच्या गोष्टींसाठी वाटते: शाळा चांगली की वाईट, माझे भवितव्य काय, हे ठरवण्यासाठी. काहींच्या लेखी त्याचे मोल त्यातून मिळणाऱ्या मजेत आणि वर्गातल्या वातावरणात असते. उरलेल्यांना ते अन्यायकारक किंवा निरर्थक वाटते. ते त्याकडे दुर्लक्ष करतात.

ब्राउन आणि त्यांचे सहकारी यांना न्यूझीलंडच्या शालेय विद्यार्थ्यांत असे आढळले, की मूल्यमापनाचा संबंध स्वतःच्या जबाबदारीशी जोडणाऱ्या विद्यार्थ्यांची गुणवत्ता तुलनेने वरची होती. त्याकडे दुर्लक्ष करणारे किंवा त्याला केवळ गंमत मानणारे मागे होते. इथे सावधगिरीचा एक शब्द हवा. असा संबंध दिसला म्हणजे दृष्टिकोनामुळेच गुण वाढले असे सिद्ध होत नाही. चांगले गुण मिळणाऱ्याला परीक्षा आवडू लागते आणि सतत कमी गुण मिळणारा तिच्यावर रुसतो, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजूंनी फिरणारे हे चाक आहे. म्हणूनच ते कुठून तरी योग्य दिशेला ढकलावे लागते आणि तो धक्का घरातूनही देता येतो.

दृष्टिकोनाचा परिणाम थेट अभ्यासाच्या रीतीवर कसा होतो, हे स्वीडनमधील गोटेबोर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ साली दाखवून दिले. त्यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला. काहींनी लेखकाला काय म्हणायचे आहे हे शोधले, तर काहींनी पुढे प्रश्न विचारले जातील या धास्तीने वाक्ये आणि आकडे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न केला. पहिल्या गटाला लेखाचा आशय नीट सांगता आला. दुसऱ्यांच्या हाती सुटे तुकडे राहिले. प्रश्न कोणत्या प्रकारचे येणार, या अपेक्षेने वाचण्याची रीत बदलते, हेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले. आपल्याकडची घोकंपट्टी, गाईड आणि ‘अपेक्षित’ प्रश्नांचे संच यांचे मूळ इथेच आहे. परीक्षा म्हणजे कसे तरी पार करायचे संकट वाटले, की मूल सर्वांत जवळचा रस्ता धरते. त्या रस्त्याने उत्तीर्ण होता येते, पण विषय हाती लागत नाही आणि पुढच्या सत्रात त्याच विषयाचा पुढचा भाग अधिकच जड जातो.

याच्या उलट, चाचणी ही स्वतःच शिकण्याचे साधन आहे, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. एका गटाने धडा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मौज अशी की वाचणाऱ्यांनाच आपले सारे पाठ झाले आहे असा विश्वास अधिक वाटत होता. आजीसमोर बसून, पुस्तक मिटून, ‘आज काय शिकलो’ हे दहा मिनिटे सांगणे ही म्हणूनच करमणूक नव्हे, उत्तम अभ्यास आहे. आजीला अर्थशास्त्र येत नसले तरी बिघडत नाही. ‘म्हणजे काय रे?’ एवढा तिचा प्रश्न पुरेसा असतो.

विश्वास डळमळतो तेव्हा

परीक्षेकडे पाहण्याचा दृष्टिकोन केवळ विद्यार्थ्याच्या मनात तयार होत नाही. मूल्यमापन करणाऱ्या व्यवस्थेवरचा विश्वासही त्याचा आधार असतो. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना २०१७ साली याचा कडू अनुभव आला. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन वेळी अमलात आला. ४७७ परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. तपासणी रखडली. तत्कालीन राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव यांनी निकालासाठी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही उलटली आणि निकाल लागत लागत सप्टेंबर उजाडला. पुढच्या शिक्षणाचे, विशेषतः परदेशातील प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांचे हाल झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

त्या वर्षी ज्यांची मुले अंतिम वर्षाला होती, त्या घरांना तो काळ आठवत असेल. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाच्या हाती अनिश्चिततेशिवाय काही नव्हते. ‘आपण कितीही केले तरी काय फरक पडतो?’ हा विचार अशा वेळी सहज मूळ धरतो. वर सांगितलेल्या चारपैकी शेवटच्या, परीक्षा निरर्थक मानणाऱ्या, गटात मूल जाण्याचा हा सरळ मार्ग. व्यवस्थेचा दोष तरुण मनावर किती खोल उमटतो, हे लक्षात घेऊन त्याच्या संतापाला घरात जागा द्यावी. ‘तूच अभ्यास केला नसशील’ हे वाक्य त्या क्षणी फार महागात पडते.

त्याच वेळी हातात असलेले उपायही माहीत असावेत. गुण अनपेक्षितपणे कमी आले तर ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला आहे. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारखा पाहून ठेवाव्यात. छायाप्रतीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. आपण कुठे चुकलो, कोणता मुद्दा राहिला, हे त्यातून कळते. निकालाचा कागद मग सुधारणेचा कागद होतो.

शरीर काय सांगते

परीक्षेची थोडी धास्ती उपयोगी असते. अजिबात ताण नसेल तर काम सुस्तावते आणि ताण फार झाला तर बिघडते, हे रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व. १९०८ साली त्यांनी ते उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा ही सारी शरीर सज्ज होत असल्याची लक्षणे आहेत. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना परीक्षेआधी सांगण्यात आले, की अशी धडधड कामगिरीला मदतही करू शकते. गणिताच्या भागात त्यांची कामगिरी इतरांहून चांगली झाली. ‘घाबरू नकोस’ या आपल्या नेहमीच्या वाक्यापेक्षा ‘धडधडतेय म्हणजे शरीर तयार होतेय’ हे वाक्य म्हणूनच अधिक कामाचे.

धास्ती मर्यादेबाहेर गेली मात्र, की आठवणारेही आठवेनासे होते. मनातली जी जागा उत्तर जुळवण्यासाठी हवी, ती काळजीच व्यापून टाकते. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली काळजी कागदावर लिहून काढल्याने घाबरट विद्यार्थ्यांना लाभ झाल्याचे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये नोंदवले. सर्वांना तो होईलच असे नाही. पण उपाय बिनखर्चाचा आहे आणि करून पाहायला हरकत नाही.

घोडबंदर रस्त्यालगतच्या मुलांच्या बाबतीत एक खास गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे प्रवास. गायमुखच्या घाटात अवजड वाहनांची रांग लागली, की ठाण्याचा थोडक्या अंतराचा प्रवास कधी संपेल याचा नेम नसतो. सकाळच्या सत्राचा पेपर असेल तर मूल पहाटेच निघते आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत जागते. दोन्ही टोकांनी झोप कापली जाते. अठरा ते पंचविशीच्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते. रात्रभर जागून केलेला अभ्यास भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखा ठरतो. ज्येष्ठांची झोप सहसा पहाटे लवकर उघडते. त्याचा इथे उपयोग करावा. ‘तू झोप, मी साडेचारला उठवतो’ या एका आश्वासनावर मूल निश्चिंत निजते. गजर चुकेल ही भीतीही झोप खाते.

आहाराचे फार अवडंबर नको. नेहमीचे पचणारे अन्न, भाकरी-भाजी, वरण-भात, ताक आणि पुरेसे पाणी हवे. पेपरच्या दिवशी नवा पदार्थ नको. संध्याकाळनंतर चहा-कॉफीचे कप मोजावेत. बुद्धी वाढवणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नयेत. आणि ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यातील झोपेची गोळी ‘एक दिवसापुरती’ म्हणून मुलाला कधीही देऊ नये.

घरातले शब्द

इस्रायलमधील संशोधक रुथ बटलर यांनी १९८८ साली शालेय मुलांवर केलेला प्रयोग पालकांनी आणि आजी-आजोबांनी जाणून घ्यावा असा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांत. गुण सोबत असले की मुलांचे लक्ष गुणांवरच खिळे आणि अभिप्राय वाया जाई. घरातही हेच घडते. ‘किती मिळाले?’ हा पहिला प्रश्न असेल तर त्यापुढचे सारे बोलणे व्यर्थ जाते.

त्याऐवजी विचारता येईल, ‘पेपरात कोणते उत्तर लिहिताना मजा आली?’ किंवा ‘सरांनी प्रोजेक्टवर काय लिहिले?’ स्तुती करतानाही थोडे भान असावे. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये दाखवले, की ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे अपयश येताच लवकर खचली, तर ‘तू मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले अवघड कामाला पुन्हा भिडली. शेजारच्या मुलीशी तुलना आणि ‘आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली’ या दोन गोष्टी शक्यतो टाळाव्यात. आपल्या पिढीचे कष्ट खरे होते. परंतु ते ठपक्याच्या रूपात समोर आले, की मूल त्यांतून काही घेत नाही. तेच कष्ट गोष्ट म्हणून, निवांत वेळी आणि आपल्या अपयशासह सांगितले, तर मूल कान देऊन ऐकते.

नातवंडच काळजीवाहक असेल तर

बऱ्याच घरांत चित्र उलटे असते. इन्सुलिन टोचणे, रक्तदाब मोजणे, रुग्णालयात नंबर लावणे, मोबाइलवरून औषधे मागवणे ही कामे महाविद्यालयात जाणारी नातच करते. आई-वडील कामावर असतात आणि रस्ता लांबचा असतो. अशी मुले परीक्षेच्या काळात दोन ओझ्यांमध्ये सापडतात. अभ्यासाला बसले तर आजीची काळजी आणि आजीपाशी बसले तर पेपरची. कर्तव्यात कमी पडल्याची टोचणी दोन्हीकडे राहते.

यावर थोडे नियोजन पुरते. सत्राचे वेळापत्रक जाहीर होताच ते औषधांच्या तक्त्याशेजारी लावावे. तातडीच्या नसलेल्या तपासण्या डॉक्टरांना विचारून परीक्षेआधी किंवा नंतर घ्याव्यात. महिनाभराची औषधे आधीच आणून ठेवावीत. पेपरच्या दिवसांपुरते एखादे काम शेजारी, मामा-मावशी किंवा सोसायटीतील विश्वासू व्यक्तीकडे सोपवावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: नातीची परीक्षा आहे म्हणून आपला त्रास लपवू नये. छातीत दुखणे, एकाएकी दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर लगेच सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पेपर पुन्हा देता येतो.

काळजी केव्हा करावी

परीक्षेच्या दिवसांतील चिडचिड बहुधा शेवटच्या पेपराबरोबर ओसरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, मित्र तोडले असतील, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर ते दुर्लक्षण्याजोगे नव्हे. ‘मी नसतो तर बरे झाले असते’, ‘आता कशाचा उपयोग नाही’ अशी वाक्ये कधीही हलक्यात घेऊ नयेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. आत्महत्येमागे कारणे अनेक असतात आणि साऱ्यांचा संबंध परीक्षेशी नसतो. तरीही निकालाच्या आसपासचे दिवस जपण्याचे असतात.

अशा वेळी शांतपणे, सरळ विचारावे: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी तरी विचारले, याने मन हलके होते. त्या मुलाला एकटे सोडू नये. घरातील औषधे, कीटकनाशके आवाक्याबाहेर ठेवावीत. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासूनही सुरुवात करता येते. गरज पडल्यास ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला दबकण्याचे कारण नाही. डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञाकडे जातो तसे मनासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे.

निकालाच्या दिवशी

निकाल आता मोबाइलवर येतो, बहुधा मूल एकटे असताना. तो घरात सांगावासा वाटणे किंवा दडवावासा वाटणे, हे आधीच्या कित्येक महिन्यांच्या संभाषणांवर ठरलेले असते. म्हणून त्या दिवसाची तयारी आजच सुरू करता येईल. आज संध्याकाळी मूल थकून घरी येईल तेव्हा गुणांचा विषय न काढता त्याला आज काय नवे कळले ते विचारावे. पुढच्या तपासणीचा आपला अहवाल येईल तेव्हा तोही त्याच्यासमोर मोकळेपणाने ठेवावा आणि म्हणावे, ‘बघ, साखर जरा वाढली आहे. काय बदलावे, आपण दोघे मिळून ठरवू.’ आकडा कसा वाचायचा, याचा याहून चांगला धडा कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही.